पीटचे कपडे का मळत नाहीत?

माझी मावसबहीण नवरा आणि पाच वर्षांच्या मुलासकट नुकतीच नेदरलँड्सला राहायला आली. घर लागलं, सायकली आल्या, मुलगा शाळेत रमला. आणि मग नोव्हेंबरात एका रात्री तिचा फोन. "ताई, शाळेतून चिठ्ठी आलीये. मुलाबरोबर एक बूट पाठवा म्हणतायत. एकच. आणि घोड्यासाठी गाजर! आणि हा मला विचारतोय, सिंटरक्लास खरा आहे का म्हणून. काय सांगू?"

मी मोठ्या ताईच्या थाटात "अगं सोप्पं आहे" म्हणून सुरुवात केली आणि अर्धा तास बोलूनही मला धड काही सांगता आलं नाही. फोन ठेवल्यावर जाणवलं की हे सोपं मुळीच नाही. आमच्या घरात या एका प्रश्नाने सात-आठ वर्षं मुक्काम ठोकला होता. म्हणून आता सावकाश लिहायला बसले आहे. तिच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठीही. कारण सिंटरक्लास नसला तरी कुणीतरी बुवा, मामा किंवा परी प्रत्येकाच्या घरात असतेच.

तर आधी हा सिंटरक्लास कोण ते सांगते. लांब पांढरी दाढी, लाल झगा, डोक्यावर बिशपची उंच टोपी, हातात सोनेरी काठी आणि बसायला पांढरा घोडा. दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर तो स्पेनहून आगबोटीने येतो. खरोखरच येतो हं! दर वर्षी एक गाव ठरतं, बंदरावर हजारो मुलं जमतात, महापौर स्वागताला उभे असतात आणि सगळा सोहळा टीव्हीवर दाखवतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मुलं अधूनमधून रात्री बूट मांडून ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर किंवा गवत. सकाळी गाजर गायब, आणि बुटात चॉकलेटचं अक्षर किंवा मसाल्याची छोटी बिस्किटं. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी दारावर धाडधाड वाजतं, दार उघडावं तर बाहेर भेटींनी भरलेलं पोतं. दुसऱ्या दिवशी सिंटरक्लास स्पेनला परत. अमेरिकेचा सांताक्लॉज म्हणजे याचाच पुतण्या समजा. डच लोकांनी हे नाव तिकडे नेलं आणि सिंटरक्लासचा सांताक्लॉज झाला.

आम्ही इथे आलो २००९ मध्ये. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. आमच्या भाड्याच्या घरात धुराडं नव्हतंच, म्हणून बूट हीटरपाशी ठेवला. रात्री नवऱ्याने गाजर खाल्लं (कच्चं, कुरकुरत), मी बिस्किटं ठेवली. खोटं बोलतोय असं एकदाही वाटलं नाही. वाटणार तरी कसं? माझा स्वतःचा पहिला दात उंदीरमामाला दिलेला. "तुझा दात मला दे" असं सांगून कौलावर फेकला होता. जेवले नाही तर पोतंवाला येणार आणि पोत्यात घालून नेणार, हेही मी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत छातीठोकपणे खरं मानत होते. आमच्या गल्लीत भंगार गोळा करणारा एक म्हातारा यायचा, त्या बिचाऱ्याला पाहून मी पलंगाखाली जायची. इथे आल्यावर कळलं की सिंटरक्लासच्या गोष्टीतही पोतं आहे! वाईट मुलांना त्यात घालून स्पेनला नेतात म्हणे. पोतंवाला सगळीकडे सारखाच.

लेक चार वर्षांची झाली आणि प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न, "तो स्पेनमध्येच का राहतो?" मला काय ठाऊक! पण मुलांना "माहीत नाही" फार वेळा सांगता येत नाही, म्हणून मी वाचायला लागले. वाचनाचा नाद लागला तो असा.

मूळ माणूस स्पेनचा नाहीच. संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे, भूमध्य समुद्राच्या काठी. त्याच्याबद्दलची सगळ्यात लाडकी दंतकथा अशी: एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत. (इथे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.) निकोलस रात्री गुपचूप येऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून जायचा. एकेका मुलीसाठी एकेक. देणाऱ्याने अंधारात यायचं आणि नाव सांगायचं नाही, ही मूळ रीत तिथली. ६ डिसेंबर ही त्याची पुण्यतिथी. १०८७ साली इटलीतल्या बारी गावच्या खलाशांनी त्याच्या अस्थी मायराहून उचलून आपल्या गावी नेल्या. पुढे बारी ज्या राज्यात होतं ते नेपल्सचं राज्य स्पेनच्या राजाकडे गेलं, आणि स्पेनचा संबंध बहुधा तिथून जोडला गेला असं सांगतात. निकोलस खलाशांचा रक्षणकर्ता संत, त्यामुळे डच बंदरांत त्याला मोठा मान. ॲमस्टरडॅमचा तर तो ग्रामदेवच म्हणायचा.

१५७८ साली ॲमस्टरडॅमचा कारभार प्रोटेस्टंट लोकांकडे गेला. त्यांना संत आणि संतांचे उत्सव मान्य नव्हते. सतराव्या शतकात ठिकठिकाणच्या शहरांनी या सणाच्या खेळण्यांवर आणि मिठायांवर बंदी घालून पाहिली. पण सण काही गेला नाही. देवळातून निघाला आणि घरात शिरला, चुलीपाशी. आईबापांनी तो बिशपशिवाय, पाद्र्याशिवाय चालवला. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. सरकारी फतव्याला पुरून उरलेला एक बूट!

इथपर्यंत सगळं गोड होतं. आता दुसऱ्या माणसाकडे येते, कारण सिंटरक्लास एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याचे नोकर असतात. कौलांवर चढणारे, धुराड्यातून उतरणारे, बिस्किटं उधळणारे, कोलांट्या मारणारे. त्याचं नाव झ्वार्ते पीट, म्हणजे काळा पीट. आम्ही आलो तेव्हा सगळे पीट म्हणजे गोरी माणसं, तोंडाला काळाकुट्ट रंग फासलेली, ओठ लालभडक, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, कानात मोठी सोनेरी कडी, अंगात मखमली रंगीत कपडे. पहिल्या वर्षी मी दचकले होते, खोटं कशाला सांगू. पण आजूबाजूचे सगळे हसत होते, मुलं त्यांच्या मागे धावत होती. मी म्हटलं, पाहुणे आहोत आपण, यजमानाच्या सणात खोड काढू नये. शेजारणीला हळूच विचारलं तर ती म्हणाली, "अगं, धुराड्याची काजळी आहे ती!" मीही लेकीला तेच सांगितलं. काजळी. विषय संपला.

विषय संपला नव्हता. डिसेंबर २०१२. लेक सहा वर्षांची. शाळेत त्या दिवशी सगळ्या मुलांना पीट करायचं होतं. बाई गालांना रंग लावत होत्या, प्रेमळ बाई, लेकीच्या फार लाडक्या. लेक घरी आली ती हसतच. टोपी कपाळावर घसरलेली, त्यावरचं पीस मोडलेलं.

"आई, गंमत सांगू? मला रंग लावावाच लागला नाही. ती आहे ना, ती म्हणाली, हिला नको, ही आधीच पीट आहे."

सगळे हसले म्हणे. लेकही हसली. तिला खरंच गंमत वाटली होती. मी तिच्या डोक्यावरची टोपी काढली, दूध दिलं आणि बाथरूममध्ये जाऊन जरा वेळ उभी राहिले. जिने ते म्हटलं तीही सहा वर्षांची. तिचा काय दोष? तिने जे पाहिलं ते सांगितलं. काळा रंग म्हणजे पीट, पीट म्हणजे नोकर, आणि माझी लेक त्या वर्गात सगळ्यात सावळी. त्या मुलीचं गणित अगदी बरोबर होतं. चुकलेलं होतं ते मोठ्यांनी घालून दिलेलं गणित.

त्या रात्री झोपताना लेकीने विचारलं, "आई, काजळी लागते तर त्याचे कपडे का मळत नाहीत?"

मी गप्प.

"आणि काजळीने केस कुरळे होतात? आणि ओठ लाल?"

आता एक सांगते. सिंटरक्लास एका रात्रीत सगळ्या घरांत कसा पोचतो, घोडा कौलावरून घसरत कसा नाही, या प्रश्नांना मी तीन वर्षं मजेत थापा मारत आले होते. घोड्याच्या नालांना रबर असतं असंही एकदा सांगितलं होतं. पण या प्रश्नाला थाप मारताना माझी जीभ अडली. म्हटलं, "खरं सांगू का, मलाही ते पटत नाही. मी शोधून सांगते." आणि पुन्हा वाचायला बसले.

शोधायला फार खोल जावं लागलं नाही. १८५० साली ॲमस्टरडॅममधल्या यान स्खेंकमान नावाच्या एका शाळामास्तरांनी मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक काढलं, 'संत निकोलस आणि त्याचा नोकर'. आज आपण जो सिंटरक्लास बघतो तो बराचसा या पुस्तकाने घडवला. स्पेनहून आगबोटीने येणं त्यातलं. (१८५० साली आगबोट ही नवी चीज होती. म्हणजे मास्तरांनी संताला त्या काळचं विमानच दिलं म्हणा ना.) आणि त्याच पुस्तकात संताबरोबर एक काळा नोकर दिसतो. त्याला नावदेखील नाही. पीट हे नाव नंतर रूढ झालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एका पीटचे अनेक झाले. काजळीचं स्पष्टीकरण तर फारच उशिराचं, लोकांना अवघड वाटायला लागल्यावरचं.

१८५० हे साल नीट बघा. डच जहाजांनी शतकानुशतकं आफ्रिकेतून माणसं पकडून नेली, साडेपाच ते सहा लाखांच्या घरात. सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरची डच गुलामगिरी कायद्याने संपली १ जुलै १८६३ रोजी. म्हणजे मास्तरांनी ते चित्र छापलं तेव्हा डच वसाहतींत माणसं विकत घेतली जात होती, आणि पुढची १३ वर्षं घेतली जाणार होती. मास्तर दुष्ट असतील असं मला म्हणायचं नाही. श्रीमंत माणसाच्या मागे काळा नोकर असतो हे त्यांनी जसं पाहिलं, तसं काढलं. वर्गातल्या त्या मुलीसारखंच.

हे सगळं सात वर्षांच्या मुलीला सांगायचं कसं? गुलामगिरी हा शब्दच मराठीत समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी एक चित्र कामी आलं.

ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम दहा वर्षं दुरुस्तीत अडकलं होतं, ते एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा पूर्ण उघडलं. ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही गेलो. तिथे यान स्टेन या चित्रकाराचं सिंटरक्लासच्या सणाचं एक चित्र आहे, १६६५ ते १६६८ च्या दरम्यान काढलेलं. गजबजलेलं घर. मध्ये एक छोटी मुलगी, मिळालेली बाहुली घट्ट कवटाळून उभी, आईने हात पुढे केला तरी द्यायला तयार नाही. डावीकडे तिचा थोरला भाऊ रडतोय, कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघाली आहे. धाकटं कारटं त्याच्याकडे बोट दाखवून फिदीफिदी हसतंय. पलीकडे कुणीतरी कडेवरच्या बाळाला धुराडं दाखवतंय. आणि मागे पडदा धरून आजी उभी आहे, रडणाऱ्या नातवाला बोटाने खुणावते आहे, "इकडे ये." तिने त्याच्यासाठी काहीतरी लपवून ठेवलंय, पैज लावते मी. आज्या सगळीकडे सारख्याच.

लेकीला म्हटलं, "यात पीट शोध."

ती नाक काचेला लावायच्या बेताने पुढे झाली (रखवालदाराने हात केला, मागे आली). सगळी माणसं बोटाने मोजली. मग म्हणाली, "नाहीये."

"कारण तेव्हा तो नव्हताच. नंतर एका मास्तरांनी पुस्तकात घातला."

"का घातला?"

मग तिथल्याच बाकावर बसून मी सांगितलं. जमेल तेवढं. की त्या काळी इथले लोक दुसऱ्या देशातल्या माणसांना धरून आणायचे, पैसे न देता काम करायला लावायचे, आणि ती माणसं काळी होती. की त्यामुळे काळा म्हणजे नोकर असं लोकांच्या डोक्यात बसलं, आणि मुलांच्या पुस्तकातही आलं. की ते चूक होतं. आणि मागच्या वर्षी वर्गात जे झालं ते तिच्या रंगाबद्दल नव्हतंच, ते या जुन्या गोष्टीबद्दल होतं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे पीट कुणीतरी बनवला."

"हो."

"मग सिंटरक्लास पण कुणीतरी बनवला असेल."

झालं! मी पीटची गाठ सोडवायला गेले आणि आख्खं विणकाम उसवलं. त्या क्षणी मला कसंसंच झालं. आणखी एखादं वर्ष तिला बुटापाशी धावत जाता आलं असतं. पण तिचा चेहरा बघितला तर ती रडवेली नव्हती. डोळे बारीक करून विचार करत होती. मग एकदम म्हणाली, "गाजर कोण खातं?"

"बाबा."

आणि ती इतकी हसली की रखवालदाराने पुन्हा पाहिलं.

इथे या सणाची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती सांगायलाच हवी. डच मुलांना सात-आठ वर्षांच्या सुमाराला खरं कळतं, पण कळल्यावर सण संपत नाही. त्यांची बाजू बदलते. वर्गात चिठ्ठ्या काढतात, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची, तिच्यासोबत सिंटरक्लासच्या नावाने त्याची चेष्टा करणारी कविता लिहायची, आणि कुणी केलं ते सांगायचं नाही. खिडकीतून थैली टाकणारा तो देमरेचा बिशप इथे परत भेटतो. म्हणजे मुलाला "तो नाही" असं सांगत नाहीत, "आता तू हो" असं सांगतात. त्या वर्षी आमच्या घरी अडीच वर्षांच्या धाकट्यासाठी गाजर खायचं काम लेकीकडे आलं. अर्धं खाऊन तिने उरलेल्यावर घोड्याच्या दातांचे ठसे उमटवायचा प्रयत्न केला, काट्याने. एवढी मन लावून ती कधी अभ्यासाला बसली नसेल.

म्युझियमनंतर दोन आठवड्यांत दिवाळी आली आणि प्रश्नाचं टोक आमच्याकडे वळलं. भाऊबीजेला लेक धाकट्याला ओवाळत होती, लॅपटॉपवर स्काइपमधून साताऱ्याची आजी बघत होती. आजी नेहमीसारखी म्हणाली, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो."

"आजी, बळी कोण?"

आजीने गोष्ट सांगितली. बळी चांगला राजा, दानशूर. वामन आला, तीन पावलं जमीन मागितली, तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात घातला.

"वामन कोण?"

"विष्णू. देव."

"मग चांगल्या राजाला देवाने का ढकललं? आणि मग आपण त्याचं राज्य येवो का म्हणतो?"

स्काइप अडकलं की काय असं वाटण्याइतकी शांतता. मग आजी म्हणाली, "अगं बाई, साठ वर्षं म्हणत आले, असं कधी विचारलंच नाही बघ." आणि थोडं थांबून, "देवाने काय केलं ते देवाला ठाऊक. पण शेतकऱ्याला त्याची आठवण राहिली. म्हणून दर वर्षी परत बोलावायचं."

मला त्या रात्री जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आठवली. कॉलेजात असताना परीक्षेपुरती वाचली होती, पुन्हा काढून वाचली. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तरं देतात, असं आख्खं पुस्तक. सणावारांच्या, अवतारांच्या गोष्टी एकेक करून उलगडतात, त्यात बळी आणि वामनही आहेत. गोष्ट हरलेल्याच्या बाजूने कशी दिसते, ते सांगणारं पुस्तक. आणि ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. साल १८७३. मी जरा चमकलेच. सुरिनाममधल्या गुलामांना कागदोपत्री १८६३ ला मोकळं केलं, पण मळ्यांवर आणखी दहा वर्षं सक्तीने राबवलं. ते सुटले १८७३ ला. आणि त्यांची जागा भरायला त्याच वर्षी जूनमध्ये 'लाला रूख' नावाचं जहाज कलकत्त्याहून चारशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर घेऊन सुरिनामला लागलं. त्यांचीच नातवंडं-पणतवंडं आज हेगमध्ये दिवाळी करतात. पीटच्या रंगापासून आपण काही फार लांब नाही, हे मला तेव्हा उमगलं.

इकडे देशात तोवर रण पेटलं होतं. २०११ मध्ये डोर्ड्रेख्टला सिंटरक्लासच्या आगमनाच्या वेळी क्विन्सी गारियो हा कलाकार 'झ्वार्ते पीट म्हणजे वंशवाद' असं लिहिलेला टीशर्ट घालून उभा होता, त्याला पोलिसांनी जमिनीवर पाडून धरून नेलं. २०१३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे आम्ही ते चित्र बघून आलो त्याच सुमाराला, पीट आहे तसाच ठेवा म्हणणाऱ्या फेसबुकच्या पानाला काही दिवसांत वीस लाखांवर लाइक मिळाले. २०१४ मध्ये गौडा गावात आगमनाच्या सोहळ्यात ९० जणांना अटक झाली. पंतप्रधान मार्क रुटे त्या वर्षी म्हणाले होते की पीट काळाच आहे, मी त्यात काही करू शकत नाही, अशा अर्थाचं. शेजारपाजारी बोलणं जपून व्हायला लागलं. काजळीवाली शेजारीण माझी मैत्रीण, पण दोन वर्षं आम्ही नोव्हेंबरात फक्त हवामानावर बोलायचो. तिचं म्हणणं मला कळत होतं. तिच्यासाठी पीट म्हणजे तिचं बालपण. कुणी येऊन सांगावं की तुझ्या सगळ्यात गोड आठवणीत कुणाचा तरी अपमान आहे, तर कुणालाही झोंबेलच. मला बळीवरून घरातच झोंबलं होतं थोडं, मग तिला का नको?

पण बदल झाला. २०१९ मध्ये आपेलडोर्नला सिंटरक्लास उतरला तेव्हा टीव्हीवरच्या त्या राष्ट्रीय सोहळ्यात एकही रंग फासलेला पीट नव्हता. सगळ्यांच्या गालांवर नुसते काजळीचे फराटे, केस आणि ओठ ज्याचे त्याचे. म्हणजे जी थाप होती ती अखेर खरी करून दाखवली! २०२० च्या जूनमध्ये रुटे यांनी संसदेत सांगितलं की त्यांचं मत बदललं आहे, आणि कारण सांगताना काळ्यासावळ्या लहान मुलांचा उल्लेख केला, पीटमुळे ज्यांना अपमान वाटतो अशा. म्हणजे शेवटी पंतप्रधानांनाही मुलांनीच शिकवलं. त्याच माणसाने १९ डिसेंबर २०२२ रोजी सरकारच्या वतीने गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि १ जुलै २०२३ रोजी राजाने.

तो २०१९ चा सोहळा आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. धाकटा आठ वर्षांचा, खरंखोटं नुकतंच कळलेला. ताईच्या जुन्या फोटोत त्याने कुठेतरी आधीचे पीट पाहिले असावेत. त्याने विचारलं, "आधी ते पूर्ण काळे असायचे ना? का?"

मी तोंड उघडायच्या आत तेरा वर्षांची लेक म्हणाली, "कारण एका माणसाने तसं चित्र काढलं होतं. मग लोकांनी विचारलं, म्हणून बदललं." आणि बिस्किटांचा वाडगा स्वतःकडे ओढून घेतला.

मला जे सांगायला वर्ष लागलं ते तिने दोन वाक्यांत उरकलं. असो.

तर, बाई गं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बूट बिनधास्त दे. गाजर तू खा. तो विचारेल, सिंटरक्लास खरा आहे का, तर आत्ताच घाईने काही सांगू नकोस, "तुला काय वाटतं?" असं उलट विचार आणि त्याचं ऐक. हे खोटं असं आहे की ते फुटलं तरी पोर हसतं, कारण फुटल्यावर आत त्याच्यासाठी जागा असते. मात्र एखाद्या प्रश्नाला उत्तर देताना तुझीच जीभ अडली, तर समज की हे दुसऱ्या जातीचं खोटं आहे. ते पोराला मजा यावी म्हणून नसतं, मोठ्यांना अवघड होऊ नये म्हणून असतं. तिथे थाप मारू नकोस. "शोधून सांगते" म्हण, आणि खरंच शोध.

मी तीन वर्षं काजळी सांगितली. त्या तीन वर्षांचं मला वाईट वाटतं. माझ्या लेकीला उत्तर हवं होतं तेव्हा ते तिला वर्गातल्या एका सहा वर्षांच्या मुलीकडून मिळालं, माझ्याकडून नाही.

आणि शनिवारी इकडेच ये सगळे. चकल्या उरल्यात थोड्या, आणि मसाल्याची बिस्किटंही आणून ठेवली आहेत. तुझ्या मुलाला त्या चित्रातली आजी दाखवायची आहे मला.